अकाउंट माझं, लिहिलं मी नाही

दातवालीचे स्वतःचे दात पुढे होते. वरचे मधले दोन तर एकमेकांवर असे चढलेले, की गर्दीत जागा धरायला भांडतायत असं वाटावं. ओठ मिटले तरी ते डोकावायचेच. लॅबमध्ये नवीन लागली तेव्हा मालक हसून म्हणाले होते, दिव्याखाली अंधार. ती म्हणाली, अंधार माझा असू दे, दिवा तुमचाच आहे ना, मग झालं. त्यानंतर मालकांनी त्या विषयाला पुन्हा हात लावला नाही.

छपाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांची ही लॅब होती. गावातले डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे डब्यात घालून पाठवायचे. इथे त्या ठशांत प्लास्टर ओतायचं, वाळलं की त्या पांढऱ्या जबड्यावर मेणाची भिंत उभी करायची आणि त्या मेणात एकेक दात बसवत जायचं. दातवाली हे काम करायला बसली की डोकं वर करायची नाही. इतर लोक दात ओळीने लावायचे, कुंपणाच्या फळ्या लावाव्यात तसे. ही पेशंटचा जुना फोटो मागवून घ्यायची. तरुणपणी एखादा दात जरासा कललेला असेल तर तो तसाच कललेला बसवायची. एका आजोबांच्या कवळीत तिने मुद्दाम फट ठेवली होती. डॉक्टरांनी फोन करून झापलं. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांचा पुन्हा फोन आला, की आजोबा आरशात बघून रडले, म्हणाले हा मीच आहे. दातवालीचं म्हणणं साधं होतं: माणसाला दात नको असतात, त्याला त्याचं तोंड परत हवं असतं.

घरी तिची ताई होती. आईच्या माघारी ताईनेच हिची वेणी घातली, फी भरली, लग्न लावून दिलं. नवरा अपघातात गेला तेव्हा "खोली रिकामीच आहे" एवढंच म्हणून हिला आणि हिच्या मुलीला, छोटीला, घरी घेऊन आली. ताईचं स्वतःचं लग्न या सगळ्यात राहूनच गेलं, आणि त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर ती बसायची. दिवसभर माणसं काचेवर टकटक करत, भांडत, रडत. ताई एकाच आवाजात म्हणायची, नाव सांगा, वय सांगा, पुढे बसा. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. शेजारीण म्हणायची, या बाईच्या जिभेवर साखर आहे. छोटी म्हणायची, साखर कसली, बर्फ आहे.

व्हिडिओची कल्पना मालकांची. कवळी कशी बनते ते लोकांना दाखवू, चार नवीन डॉक्टर जोडले जातील. इंटरनेटवरच्या पानाला नाव लॅबचं नको, माणसाचं हवं, लोक माणसाकडे बघतात, असं त्यांच्या भाच्याने सांगितलं. म्हणून अकाउंट दातवालीच्या नावाने उघडलं आणि गोल चौकटीत फोटोही तिचाच लावला: तळहातावर नवीकोरी कवळी, आणि तोंडभर हसू.

लोकांनी ते दात पाहिले आणि हे दातही पाहिले. पहिल्या पहिल्या कॉमेंट गमतीच्या होत्या. आधी स्वतःची ऑर्डर पूर्ण करा, बाई. ती वाचून तीही हसली, प्लास्टर ढवळणाऱ्या सोबत्यालाही वाचून दाखवली. मग एका माणसाने ते मनावरच घेतलं. चार नावांनी तोच लिहायचा. तिचा फोटो घेऊन त्याला घोड्याचं तोंड लावायचा, खवचट गाणं जोडायचा, आणि त्याच्यामागे पन्नास लोक दात काढायचे. एक दिवस त्याला छोटीच्या शाळेच्या पानावर छोटीचा फोटो सापडला. छोटीचे दात आईवर गेले होते. त्या फोटोखाली त्याने लिहिलं:

"असली बत्तीशी पोरीला देण्यापेक्षा जन्मतःच तिचा गळा दाबला असतास तर पुण्य लागलं असतं."

दातवालीने हे लॅबमध्ये उभ्याने वाचलं. डाव्या हातात नुकतं कालवलेलं प्लास्टर होतं. ती तशीच उभी राहिली आणि प्लास्टर भांड्यातच दगड झालं. पुढे ते भांडं कुणालाच साफ करता आलं नाही, फेकून द्यावं लागलं.

त्यानंतर लॅबमधला धुळीचा मास्क ती रस्त्यावरही लावू लागली. छोटी हसताना तोंडावर हात धरू लागली. मास्क ताईने चालवून घेतला; पण हात पाहिला त्या दिवशी तिने बहिणीच्या पुढ्यातला मोबाइल उचलला. म्हणाली, आण इकडे, हे आता मी बघते, तू तुझं काम कर. डॉक्टरांच्या ऑर्डरी त्याच पानावर येत असल्यामुळे पान बंद करता येत नव्हतं. म्हणून ताईने बहिणीचं अकाउंट स्वतःच्या मोबाइलवर घेतलं. रोज जाता-येता बसमध्ये ती सगळं वाचायची, तक्रारीसाठी फोटो काढून ठेवायची आणि मग घाण खोडून टाकायची. घरी आल्यावर विचारलं तर म्हणायची, आज काही नाही, दोन ऑर्डरी आल्यात.

त्या वर्षी ताईचा जबडा दुखू लागला. दातवालीने तोंड उघडायला लावून पाहिलं. मागच्या दाढा घासून सपाट झाल्या होत्या, जात्यात सापडल्यासारख्या. तिने बहिणीचं माप घेतलं, झोपताना घालायला पारदर्शक पट्टी बनवून दिली आणि विचारलं, झोपेत एवढं काय चावतेस? ताई म्हणाली, काही नाही ग, वय झालं.

तक्रार केली तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की माणूस सापडेल. पण सापडला. कंपनीकडून माहिती आली, मोबाइलचा नंबर निघाला, आणि नंबरामागे एक शीतगृहातला पर्यवेक्षक निघाला. बायको, एक मुलगी, कर्जावर घेतलेलं घर. दातवालीला तो कधी भेटला नव्हता. तिच्या लॅबशी, तिच्या डॉक्टरांशी, तिच्या गल्लीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. हेच तिला पहिल्यांदा हादरवून गेलं. तिला आतून कुठेतरी वाटत होतं की हा कुणीतरी दुखावलेला माणूस असेल, कवळी बिघडली असेल, काहीतरी असेल. काहीच नव्हतं.

कोर्टात तो आधी म्हणाला, "अकाउंट माझं आहे, पण लिहिलं मी नाही. कुणीतरी वापरलं असेल." सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनीही चष्मा काढून पुसला. ताई तर मोठ्याने हसली. तिचं असं हसणं बहिणीनेही बऱ्याच वर्षांनी ऐकलं. पुढे पुरावे आले, तेव्हा त्याने कबूल केलं. का केलंस, असं विचारल्यावर म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत वेळ जायचा नाही. ती बाई वाचेल असं वाटलं नाही का, असं विचारलं, तेव्हा खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, बाई खरी असेल हे माहीत होतं, पण ती वाचत असेल असं डोक्यात आलं नाही.

न्यायाधीशांनी त्याच्या हातात कागद दिला आणि सांगितलं, त्यांच्याकडे बघून मोठ्याने वाचा. तो "असली बत्तीशी" एवढंच म्हणाला आणि त्याची दातखीळ बसली. पाणी आणलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. न्यायाधीश म्हणाले, लिहिता येतं ते वाचता येत नाही? सहा महिन्यांची कैद झाली. निकाल सांगताना त्यांनी मुद्दाम म्हटलं, की यातून बाकीच्यांनाही धाक बसावा. मागच्या बाकावर त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली. दातवालीने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

घरी परतताना बसमध्ये ताई खिडकीशी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून दातवाली झोपली. दीड-दोन वर्षांत अशी झोप तिला लागली नव्हती. खांद्याखालचा हात हलतोय, एवढंच तिला झोपेत अधूनमधून जाणवत होतं.

पुढचे दिवस चांगले गेले. मास्क सुटला. शेजारीण दारात येऊन म्हणाली, बरं झालं बाई, एकाला बसली की दहा सरळ होतात. लॅबमधला प्लास्टरवाला म्हणाला, आता मी तुला शिवी द्यायची झाली तर आधी वकिलाला दाखवून आणीन. छोटीने एकदा हसताना तोंडावर हात नेला, मग तो हात केसांकडे वळवला. दातवालीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग एक दिवस भर दुपारी लॅबच्या जिन्यावरून एक बाई वर आली. दातवाली पॉलिशच्या यंत्रावर होती. मान वर न करता तिने सांगितलं, पेशंट इथे घेत नाही बाई, डॉक्टरांकडून माप आणा.

"मी दातांसाठी नाही आले," बाई म्हणाली.

आवाजावरून नाही, पिशवीवरून दातवालीने तिला ओळखलं. तीच पिशवी कोर्टात तिच्या मांडीवर होती. हिरवी, दोन कप्प्यांची, घरी शिवलेली. प्लास्टरवाला काहीतरी कळल्यासारखा उठून बाहेर गेला.

बाईने भांडण काढलं नाही. तिने मोबाइल पुढे धरला. ती घरी दप्तरं शिवून विकायची, त्याचं तिचं छोटंसं पान होतं. त्यावर एक फोटो होता: तिचीच मुलगी, पाठीवर नवं दप्तर. त्याखाली कॉमेंट आणि कॉमेंट. निकालाची बातमी आल्यावर लोकांनी हे पान हुडकून काढलं होतं. बाई अंगठ्याने ते वर सरकवत गेली. ती नावं खोटी नव्हती. फोटोसकट, नोकरीसकट, नातवंडांना कडेवर घेतलेले लोक होते ते, आणि जे लिहिलं होतं ते वाचवत नव्हतं. एका ठिकाणी बाईचा अंगठा थांबला.

"असली अवलाद वाढवण्यापेक्षा जन्मतःच तिचा गळा दाबला असतास तर पुण्य लागलं असतं. बापावरच जाणार ती."

दातवालीला आधी वाटलं, हे आपल्यालाच लिहिलंय. वाक्य तिच्या ओळखीचं होतं, इतक्या वेळा ते आत फिरलं होतं. मग तिने नाव वाचलं. नाव तिचंच होतं, पण ते वाक्य ज्याला लिहिलं त्याच्या जागी नव्हतं, ज्याने लिहिलं त्याच्या जागी होतं. शेजारी गोल चौकटीत तळहातावर कवळी होती आणि तोंडभर हसू होतं.

मागे पॉलिशचं यंत्र फिरतच होतं. ते बंद करायचं असतं हे तिला सुचलं नाही.

"यांना शिक्षा झाली ती बरोबर झाली," बाई म्हणाली. "मी कोर्टात त्यांच्या बाजूलासुद्धा बसले नव्हते. बाकीच्यांनी लिहिलं ते मी पोरीला समजावलं, की लोक आहेत, बोलतात, विसरतात. पण हे तिने तुमच्या नावाने वाचलं. मला म्हणाली, आई, त्यांना तर माहितीय ना कसं वाटतं ते. तरी त्या म्हणतात, म्हणजे खरंच असेल."

दातवालीने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं:

"अकाउंट माझं आहे, पण लिहिलं मी नाही."

कोर्टातलं ते हसू तिला ऐकू आलं. बाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "हे पण मला घरी हेच सांगायचे. मी कितीतरी महिने खरं धरून चालले." मग तिने मोबाइल पिशवीत ठेवला. सांगितलं, की उद्या दुपारी ती तक्रार द्यायला जाणार आहे, त्याच्या आधी तुमचं तोंड एकदा बघायचं होतं. आणि खरंच दुसऱ्या कुणी लिहिलं असेल तर त्याचं नाव तिला हवं होतं. "पोरीला मला सांगायचंय, की दातवाल्या बाईंनी नाही लिहिलं. पण नाव असल्याशिवाय ती विश्वास नाही ठेवणार. बापाने तेवढं करून ठेवलंय."

नाव तर दातवालीला त्याच क्षणी माहीत होतं. ते अकाउंट जगात दुसऱ्या एकाच मोबाइलवर होतं. उद्या सांगते, एवढंच ती म्हणाली.

बाई गेल्यावर तिने आधी खटल्यातल्या आपल्या वकीलबाईंना फोन लावला. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गडबडीने सांगितलं, की पहिल्यांदा ते खोडून टाका, मग पासवर्ड बदला, आणि कुणी विचारलंच तर अकाउंट हॅक झालं म्हणा. दातवाली म्हणाली, पण तो हे म्हणाला तेव्हा तुम्हीच न्यायाधीशांना सांगितलं होतं, की पकडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. वकीलबाई म्हणाल्या, अहो, तो आरोपी होता. तुम्ही फिर्यादी आहात.

मालकांना न सांगता ती दवाखान्यात गेली. नोंदणीच्या खिडकीपुढे रांग होती. ती रांगेत उभी राहिली, का ते तिलाही कळलं नाही. तिची पाळी आली. ताई खाली बघत होती.

"नाव सांगा."

दातवालीने मोबाइल काचेला टेकवला. ताईने वर पाहिलं, बहिणीला पाहिलं, मग ते वाक्य वाचलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग तिने कपाळाला हात लावला.

"अग बाई," ती म्हणाली, "हे तुझ्या नावावरून गेलं की काय? मला माझ्यावरून टाकायचं होतं."

दातवाली वाट बघत राहिली. आणखी काही येईल, याच्यापुढे काहीतरी असेल. ताईने मागच्या टेबलावरच्या मुलीला खिडकीवर बसवलं आणि ती जिन्यात आली. भिंतीला टेकून, हातात किल्ल्यांचा जुडगा फिरवत तिने विचारलं, आता ते खोडून टाकू का, लोकांनी पाहिलं असेल का. दातवाली म्हणाली, त्या मुलीने पाहिलंय.

"बरं झालं मग. कळू दे."

"काय कळू दे, ताई? तिने काय केलंय?"

"छोटीने काय केलं होतं?"

दातवाली म्हणाली, "तू कोर्टात माझ्या शेजारी बसली होतीस. न्यायाधीश काय म्हणाले ते ऐकलंस. आणि बाहेर आलो आणि बसमध्ये बसल्या बसल्या तू तेच लिहिलंस, वेळ आहे त्याच्यावर. तुला भीती नाही वाटली?"

ताईला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "मला कशाची भीती? भीती गुन्हेगाराला. त्याने केला तो गुन्हा. मी तर उत्तर दिलं." मग लहान मुलीची समजूत घालावी तशी म्हणाली, "न्यायाधीशच म्हणाले ना, धाक बसला पाहिजे."

दातवालीने मोबाइल तिच्या हातात दिला. म्हणाली, मोठ्याने वाच. माझ्याकडे बघून. तिला वाटलं होतं, त्या माणसाचं झालं तसंच होईल. "गळा" या शब्दावर ताई अडेल, डोळ्यांत पाणी येईल, मग दोघी रडू, आणि उद्याचं उद्या बघू.

ताईने वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. स्पष्ट, सावकाश, खिडकीच्या आवाजात. वय सांगा, पुढे बसा, तसं. कुठेही न अडखळता. आणि मोबाइल परत दिला.

आजवर झालेल्या सगळ्या गोष्टींत दातवालीला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का. त्या माणसाची निदान दातखीळ तरी बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "किती वाचलंस ग तू?"

ताई किल्ल्या फिरवायची थांबली.

"रोजच," ती म्हणाली. मग हळूहळू निघत गेलं. तो पकडला गेल्यावरही कॉमेंट येतच होत्या. दुसऱ्यांच्या. तो काय एकटा होता का. खटला उभा राहिल्यावर तर वाढल्या, की एवढ्याशा गमतीसाठी माणसाला कोर्टात ओढलं. निकाल लागला त्या दिवशीही बसमध्ये आल्या, एकामागून एक, छोटीबद्दल. "तू झोपली होतीस. मी खोडत होते. एक खोडली की दुसरी. मग त्याच्या बायकोचं पान दिसलं. तिची पोरगी दप्तर घालून हसत होती." ताई इथे थांबली. "छान हसत होती. सरळ दात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? की त्याला शिक्षा झाली आणि कुणाचंच काही बिघडलं नाही? तू म्हणाली असतीस, मग खटला कशाला."

मग ताईनेही अकाउंट हॅक झालं म्हणायला सुचवलं. म्हणाली, तुझ्यावर कुणी हसणार नाही, तू सोसलंयस. आणि हे खरंच होतं. हसणार कुणीच नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. अशा वेळी माणसं गप्प बसतात, आणि बाकीचे त्यांना समंजस म्हणतात.

संध्याकाळी छोटीने विचारलं, आज दोघी अशा का? दातवालीने ताईच्या मोबाइलवरून आपलं अकाउंट काढून घेतलं. ताईने स्वतःच पासवर्ड सांगितला. तो छोटीच्या पाळण्यातल्या नावाचा होता.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी पोलिसांच्या त्याच कार्यालयात गेल्या, जिथे दोन वर्षांपूर्वी तक्रार द्यायला गेल्या होत्या. ये, असं दातवालीने ताईला म्हटलं नव्हतं. ती चप्पल घालून निघाली तेव्हा ताईही कुलूप घेऊन दारात उभी होती. वाटेत ताई एकदाच बोलली. "तू माझं नाव घेणारेस?" दातवाली म्हणाली, हो. ताई म्हणाली, नोकरी जाईल ग माझी. दातवालीला चालता चालता दिसेना झालं. फी भरणारा हात, वेणी घालणारा हात, तोच हात. पण "हो" तिने मागे घेतलं नाही.

दप्तरवाली बाई बाकावर आधीच बसलेली होती. तिची मुलगी सोबत नव्हती. अधिकारी जुनाच होता. त्याने दोघींना ओळखलं आणि खेदाने मान हलवली.

"पुन्हा सुरू झालं का तुम्हाला?"

"आम्हाला नाही," दातवाली म्हणाली. "तक्रार यांची आहे."

अधिकाऱ्याने मोबाइल घेतला, वाक्य वाचलं, आणि गोंधळून दातवालीकडे पाहिलं, मग बाईकडे. त्याला वाटलं, जुनंच काहीतरी समोर आलं. म्हणाला, हे वाक्य तर तुमच्या त्या केसमधलं आहे. मग त्याने नाव पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"अकाउंट माझं आहे. लिहिलं मी नाही," दातवाली म्हणाली, आणि या वेळी तिथे थांबली नाही. "माझ्या ताईने लिहिलं."

बाई ताईकडे बघत राहिली. बहुतेक तिने कुणीतरी वेगळं डोळ्यांसमोर धरलं होतं. निदान असं पिकल्या केसांचं, घडीचा रुमाल हातात धरलेलं कुणी नसावं. अधिकाऱ्याचाही विश्वास बसेना. त्याने दवाखान्याच्या खिडकीवर ताईला पाहिलं होतं. त्याच्या आईची नोंदणी तिनेच केली होती. तो म्हणाला, यांनी? मग नाइलाजाने नवा कागद ओढला.

"नाव सांगा," तो म्हणाला.

ताईने सांगितलं.

"वय सांगा."

ताईने तेही सांगितलं. तोच सपाट आवाज. पण काचेच्या या बाजूने तो वेगळाच ऐकू येत होता.

"लिहिताना काही वाटलं होतं का? म्हणजे, यांची मुलगी वाचेल वगैरे?"

ताईने तोंड उघडलं. उत्तर तयार असावं, जिन्यात दिलं होतं तेच. पण समोर बाई बसलेली होती, आणि तिच्या मांडीवर ती हिरवी पिशवी. ताईचं तोंड तसंच मिटलं. अधिकाऱ्याने वाट पाहिली, मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, पुढे बसा.

बाकावर दुसरीकडे जागा नव्हती. दातवाली उभीच होती. बाईने क्षणभर ताईकडे पाहिलं, मग शेजारी ठेवलेलं आपलं सामान उचललं आणि जागा केली. ताई बसली. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर होतं. बाईने दातवालीला विचारलं, पोरीशी फोनवर बोलाल का, दोन शब्द, तिला चेहरा दिसला पाहिजे. दातवाली हो म्हणाली. बाई नंबर लावू लागली.

तेवढ्यात कर्र, कर्र असा बारीक आवाज आला, दगडावर दगड घासावा तसा. दातवालीने तो आवाज कधी ऐकला नव्हता, पण ज्या दाढांचं माप तिने स्वतःच्या हाताने घेतलं होतं त्या तिला आठवल्या. बाईला आधी कळेना आवाज कुठून येतोय. मग फोन हातात तसाच धरून तिने वळून ताईच्या जबड्याकडे पाहिलं, आणि पलीकडून तिची मुलगी हॅलो, हॅलो म्हणत राहिली.